हजेरीतला चंद्रमौली

मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुझं नाव काय?" आणि मुलगा गप्प राहिला.

हेडमास्तर काही दुष्ट नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू विचारलं, हसून विचारलं. मुलानं बापाच्या उपरण्याचं टोक तोंडात घातलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. शेवटी हेडमास्तर बापाला म्हणाले, "राव, जागा थोड्या आणि मुलं फार. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याला मी कसा घेऊ?"

त्या मुलाची आई म्हणजे आमची भागीरथी आत्या. खरं तर माझ्या वडिलांची आत्या, पण आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. ही गोष्ट मी तिच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली आहे, कधी वाती वळताना, कधी भाजी निवडताना. सलग अशी तिनं ती कधीच सांगितली नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची अखेरची वर्षं होती. तंजावूरचं मराठ्यांचं राज्य खालसा होऊन एक पिढी उलटली होती. आत्याचे सासरे राजवाड्याच्या शस्त्रागारात तलवारी-भाल्यांची देखरेख करत. राज्य गेलं, शस्त्रागाराला कुलूप लागलं, आणि ते कुंभकोणला येऊन मेलकावेरी भागात राहिले. त्यांचा मुलगा सेतुरामराव, म्हणजे आत्याचे यजमान, मुन्सिफ कोर्टात नकला उतरवण्याचं काम करीत. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, घरात मराठी. तीही अशी जुनी की पुण्याकडचा कोणी आला तर ऐकून हसायचा.

मुलाला रिवाजाप्रमाणे आजोबांचं नाव ठेवलं होतं, चंद्रमौली. आणि रिवाजाप्रमाणेच सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्यामुळे तमिळ आया आपल्या मुलांना लाडानं म्हणतात तसं भागीरथी त्याला कण्णा म्हणे. घरात त्याचं खरं नाव घेणारा माणूस एकच, बाप, आणि तो दिवसभर कोर्टात.

आईजवळ हा मुलगा अखंड बोलायचा. मुंग्या भिंतीत कुठे जातात, नदीचं पाणी रात्री झोपतं का, विड्याच्या पानाला तिखटपणा कुठून येतो. पण दारात कोणाचं पाऊल वाजलं की तांदळाच्या कोठीमागे. पाहुणा जाईपर्यंत तिथून हलायचा नाही. तो मुका आहे असं गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटे.

मोठ्या शाळेनं परत पाठवल्यावर प्रश्न पडला, याला घालायचं कुठे? गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या वाध्यारांची, म्हणजे पंतोजींची, ओटीवरची शाळा होती. वाळूत बोटानं अक्षरं गिरवायची, पाढे ओरडायचे. पण त्या ओटीच्या तुळईला एक दोर बांधलेला होता. चुकलेल्या पोराला त्या दोराला लोंबकळत ठेवतात, असं सगळे म्हणत. भागीरथीनं येता-जाता तो दोर पाहिला होता. ती म्हणाली, "तेथें नको." पाद्र्यांच्या शाळेला सेतुरामराव नको म्हणाले.

तेव्हा समोरच्या घरातल्या सुब्बलक्ष्मीनं सांगितलं, "आमच्या रंगाला घातलंय तिथे घाला की. शंकरनारायण मास्तरांची शाळा. तिथे काही विचारत नाहीत, भागीरथीबाई. जो येईल त्याला घेतात. शाळेची बैलगाडी दारात येते."

सुब्बलक्ष्मीचा नवरा धान्याच्या वखारीत हमाली करायचा. तिचा रंगाही बुजरा, बोलताना अडखळणारा. त्यालाही मोठ्या शाळेत कोणी उभं केलं नसतं. भागीरथीला धीर आला.

नवरा-बायको मुलाला घेऊन शाळा बघायला गेली. दारासुरमच्या वाटेवर, गाव संपतं तिथे, एका रेशीमवाल्याचा जुना विणकामाचा कारखाना होता. त्यानं माग दुसरीकडे हलवले आणि जागा मास्तरांना दिली. शेजारी अजून रंगारी राहत. त्यांच्या वाड्यांतून येणारा ओहोळ लाखेच्या रंगानं लालभडक वाहायचा.

आत्या सांगायची, "शाळा दिसायच्या आधी ऐकूं येते. ही आधी नाकाला कळली. रंगाचा आंबूस वास. आवाज काहींच नाहीं."

शंकरनारायण मास्तर दारात उभे होते. उंच, पांढरंशुभ्र धोतर, तोंडात वेलदोडा, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. नाव विचारलं नाही.

"तुम्ही परीक्षा घेणार नाही त्याची?" सेतुरामरावांनी विचारलं.

"लेकराची कसली परीक्षा घ्यायची, राव? मोठ्या शाळा चाळण लावून बसल्यात. मी सगळे दाणे घेतो. आजवर एकालाही दारातून परत पाठवलेलं नाही."

भागीरथी पदर सावरून खांबाआड उभी होती. आत ओळीनं मुलं बसली होती. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. कोणी खोकत नव्हतं, कोणी पाटी घासत नव्हतं, अनोळखी माणसं आली म्हणून मान वळवून बघतही नव्हतं. कौलांवर कबुतरं चालत होती त्यांच्या नख्यांचा आवाज खाली ऐकू येत होता.

एक मुलगा तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. अंगानं लहानखुरा, पण डोळे वयानं मोठे. तिनं पाणी घेतलं आणि सहज विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?"

मुलगा म्हणाला, "कुठलं, अम्मा?"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मागून मास्तर हसले. "नटराज नाव त्याचं. थट्टेखोर आहे. आईबाप नाहीत, इथेच जेवतो, इथेच झोपतो. सगळ्यांत हुशार." नटराज हसला नाही. रिकामा तांब्या घेऊन आत गेला.

परतताना बैलगाडीत भागीरथी म्हणाली, "मला तेथें भय वाटलें."

"कसलें भय?"

"गलका नाहीं."

"गलका असता तर म्हणाली असतीस, शिस्त नाहीं." सेतुरामराव चिडले नव्हते, थकले होते. "दोर नाहीं, छडी नाहीं, प्रश्न नाहीं. आणखी काय पाहिजे तुला?"

मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता. ती म्हणाली, "बरें." पुढे कधीही ही गोष्ट निघाली की आत्या यजमानांना दोष द्यायची नाही. "बरें मीच म्हणालें," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या सोमवारपासून छपराची बैलगाडी दारात येऊ लागली. गाडीवान खाली उतरत नसे. दारापुढे बैल थांबवून तो मुलाचं नाव पुकारी आणि मूल जाऊन आत बसे. पहिले काही दिवस चंद्रमौली रडला. मग रडायचा थांबला. सेतुरामरावांना वाटलं, रुळला.

पावसाळा सरता सरता भागीरथीच्या लक्षात आलं की संध्याकाळी त्याचे तळवे लाल असतात. घासूनही पुरते निघत नसत.

"रंगाऱ्यांच्या ओहोळांत उतरलास कां रे?"

"नाहीं."

"मग कोठें गेला होतास?"

"बसलों होतों."

"कोठें?"

"बसलों होतों," तो पुन्हा म्हणाला आणि मुंग्यांच्या वाटेकडे बघत राहिला. मुंग्यांबद्दल काही बोलला मात्र नाही. त्या दिवसांत तो आईशीही कमी बोलू लागला होता.

मग एका संध्याकाळी सेतुरामराव कोर्टातून आले आणि ओसरीवरून त्यांनी हाक मारली, "चंद्रमौली!"

मुलगा समोरच अंगणात होता. त्यानं हाक ऐकली. ऐकली, आणि वळून दाराकडे बघितलं, जणू दुसरं कोणी तरी येणार आहे. बाप पुन्हा हाक मारेपर्यंत तो दाराकडेच बघत होता. तिसऱ्या हाकेला सेतुरामरावांनी त्याचा दंड धरला तेव्हा तो दचकला.

असं वरचेवर होऊ लागलं. हाक मारावी आणि यानं मागे वळून बघावं. मागे कोणी नसे.

मार्गशीर्षात एकदा भागीरथीनं जेवायला पाट मांडायला सांगितलं. त्यानं बापाचा पाट मांडला, आपला मांडला, आणि आपल्या शेजारी आणखी एक मांडला.

"हा कोणासाठीं, कण्णा?"

"चंद्रमौलीसाठीं," तो म्हणाला.

सेतुरामराव मोठ्यानं हसले. खेळ आहे पोराचा, म्हणाले. भागीरथीनं तो पाट उचलून भिंतीला लावला. मुलगा जेवताना मधूनमधून त्या रिकाम्या जागेकडे बघत होता, आणि तिनं वाढलेल्या पानातला एक घास त्यानं त्या बाजूला सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं सुब्बलक्ष्मीला विचारलं, "रंगा घरी कसा वागतो गं?"

सुब्बलक्ष्मीनं सुपातले खडे वेचता वेचता सांगितलं, "रात्री अंथरूण ओलं करतो. शाळा म्हटली की असं होतंच, बाई. पण मारत नाहीत हो त्याला. मी अंग तपासते ना रोज."

"आणि तळवे?"

सुब्बलक्ष्मीचा हात सुपात थांबला. "रंग लागतो," ती म्हणाली. "तिकडे सगळीकडे रंगच आहे."

भागीरथीनं यजमानांना म्हटलं, "त्याला काढा तेथून." ते म्हणाले, परीक्षा तोंडावर आली आहे. सरकारचा इन्स्पेक्टर येणार, एकेक नाव पुकारून वाचायला लावणार, बेरजा घालणार. जितकी मुलं पास होतील तितकी सरकारची मदत शाळेला मिळणार. अशा वेळी मूल काढणं बरं दिसत नाही. शिवाय ते स्वतः मास्तरांना भेटून आले होते. "मास्तर सांगतात, चंद्रमौली वर्गांत पहिला आहे. खणखणीत पाठ म्हणतो, असें म्हणाले."

भागीरथी त्यांच्याकडे बघत राहिली. "आपला?"

"मग कोणाचा?"

घरात चार दिवस शब्द न काढणारं तिचं मूल शाळेत खणखणीत पाठ म्हणत होतं. असेलही. तिला ते खरं असावं असं वाटत होतं. आत्या सांगे, ती सगळी रात्र तिनं देवापाशी तेच मागण्यात घालवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांकडून निरोप आला, मुलाला त्याची जरीची टोपी घालून पाठवा. ही टोपी भागीरथीनं आपल्या शालूच्या काठातून शिवली होती. गल्लीत तशी टोपी दुसऱ्या कोणाची नव्हती. सकाळी तिनं ती त्याच्या डोक्यावर बसवली. गाडीवानानं नाव पुकारलं. मुलगा दारातच उभा राहिला. तिनं त्याला हलकेच पुढे ढकललं तेव्हा तो चालायला लागला.

गाडी गेली आणि तिच्या हातून काम होईना. दूध उतू गेलं. शेवटी तिनं दाराला कडी घातली, हातात एक नारळ घेतला आणि समोर सांगितलं, "दारासुरमच्या देवळात जाऊन येते." त्या काळी आमच्या घरची बाई एकटी एवढं अंतर चालून जात नसे. सुब्बलक्ष्मी बघत राहिली.

शाळेच्या दाराला केळीचे खुंट आणि आंब्याची तोरणं बांधली होती. भागीरथी दाराशी न जाता बाजूच्या गजांच्या खिडकीशी गेली. आत टेबलापाशी कोट-पागोट्यातले इन्स्पेक्टर बसले होते, शेजारी मास्तर हात जोडून उभे. मुलं ओळीनं बसली होती. पुढच्या ओळीत, तिच्याकडे पाठ करून, जरीची टोपी चमकत होती.

इन्स्पेक्टरांनी पुकारलं, "चंद्रमौली राव!"

"प्रेझेंट, सर!"

टोपी उभी राहिली. मुलगा वाचू लागला. एकही अक्षर न अडखळता, घंटेसारख्या आवाजात. मग बेरीज विचारली, ती त्यानं तोंडी सांगितली. इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. भागीरथीचे डोळे भरून आले. गज धरून ती मनात म्हणाली, मी उगाच भ्यालें. माझें लेकरूं बोलतें आहे.

मग पाटी घ्यायला तो मुलगा वळला, आणि तिला त्याचा चेहरा दिसला.

तो नटराज होता.

तिनं ओळीतला प्रत्येक चेहरा पाहिला. तिचा मुलगा तिथे नव्हता. रंगाही नव्हता.

ती शाळेच्या मागे गेली. मागे एक लांब कोठार होतं, पूर्वी माग बसवलेले होते ते. दाराला बाहेरून कडी. आतून आवाज नव्हता. तिनं कडी काढली.

आधी काही दिसलं नाही. फक्त वास, ओल्या मातीचा आणि शिळ्या रंगाचा. मग डोळे सरावले. विणकर मागावर बसताना पाय सोडतो ते खड्डे जमिनीत तसेच राहिले होते. ओहोळाचं पाणी झिरपून त्यांच्या तळाशी लाल चिखल झाला होता. आणि एकेका खड्ड्यात एकेक मूल बसलं होतं. छातीपर्यंत आत, हात गुडघ्यांवर. दार उघडलं, उजेड आला, तरी एकानंही तोंड उघडलं नाही. एकही उठलं नाही.

"कण्णा," ती म्हणाली.

दोन-तीन डोकी हलली. कण्णा कोणाच्या घरी नसतो? पण कोणी पुढे आलं नाही. अंधारात चेहरे ओळखू येत नव्हते. ती पुन्हा म्हणाली, "कण्णा, मी आई." सगळी मुलं तिच्याकडे बघत होती आणि सगळी गप्प होती.

तेव्हा तिनं ते नाव घेतलं. जन्मात जिभेवर आलं नव्हतं, सासऱ्यांच्या श्राद्धालाही आलं नव्हतं. "चंद्रमौली!" ती ओरडली.

आणि पुढच्या दालनातून, भिंतीपलीकडून, घंटेसारखा आवाज आला, "प्रेझेंट, सर!"

कोठारातलं एक डोकं हळूच त्या आवाजाकडे वळलं, तो दुसरा उठून उभा राहिला का ते बघायला. त्यावरून तिनं आपला मुलगा ओळखला.

ती खड्ड्यात उतरली. लुगडं घोट्याच्या वर लाल झालं. मूल उचललं तेव्हा ते गार होतं आणि त्यानं तिच्या गळ्यात हात टाकले नाहीत. शेजारच्या खड्ड्यात रंगा होता. "चल रंगा, घरी चल," ती तमिळमध्ये म्हणाली. रंगानं नाही म्हणून मान हलवली.

बाहेर मास्तर येऊन उभे होते. धावत आले नव्हते. इन्स्पेक्टरही मागच्या ओसरीवर आले. मास्तर त्यांना इंग्रजीत काही सांगत राहिले, त्याच मऊ आवाजात. भागीरथीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं पाहिलं ते इतकंच: इन्स्पेक्टरांनी तिच्या लाल पायांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, मग खिशातून घड्याळ काढून पाहिलं, आणि ते आत गेले.

मूल कडेवर घेऊन ती मेलकावेरीपर्यंत चालत आली. नारळ वाटेत कुठे पडला ते तिला आठवत नव्हतं.

त्या रात्री मुलाला ताप भरला. सेतुरामरावांनी सगळं ऐकलं आणि ते कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेले नाहीत. दुपारी मास्तर स्वतः घरी आले, हातात केळ्यांचा फणा.

"राव, रागावू नका. आधी ऐकून घ्या," ते म्हणाले. "मोठ्या शाळेनं तुमच्या मुलाला दारातून परत पाठवलं. मी आत घेतलं. काल तो इन्स्पेक्टरांपुढे उभा राहिला असता तर काय झालं असतं? गप्प. नापास. गावभर हसं. आता त्याचं नाव पासात आहे. कोणाचं काही गेलं का यात?"

"त्याला खड्ड्यांत बसवलेंत," सेतुरामराव रागाच्या भरात मराठीतच म्हणाले, मग तमिळमध्ये पुन्हा म्हणाले.

"बोलणारी मुलं पुढे बसतात, न बोलणारी मागे. पुढच्यांना बघून मागच्यांना भीती वाटते, म्हणून वेगळी बसवतो. मारलं कोणी? एक ओरखडा दाखवा अंगावर." मास्तर उठले. "या पासावर मोठी शाळाही त्याला आता घेईल. विचारणारसुद्धा नाहीत. बघा विचार करून."

ते गेल्यावर भागीरथीनं केळी गाईला घातली. पण सेतुरामरावांच्या मनात ते शेवटचं वाक्य राहिलं. आणि खरंच, ताप उतरल्यावर ते मुलाला मोठ्या शाळेत घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी काही विचारलं नाही. पास झालेला मुलगा म्हणून वर्गात बसवलं. सेतुरामराव खात्री करायला वर्गाच्या दाराशी थांबले. त्या वर्गाच्या मास्तरांनी हजेरी घेतली, चंद्रमौलीचं नाव आलं. मुलगा वळला आणि मागच्या दाराकडे वाट बघू लागला. सगळा वर्ग त्याच्याबरोबर मागे बघू लागला. मास्तरांनी पुन्हा नाव घेतलं. मुलगा वाटच बघत होता.

सेतुरामराव आत गेले, मुलाचा हात धरला आणि घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी भागीरथीला म्हणाले, "तुला तेव्हांच भय वाटलें होतें."

शंकरनारायण मास्तरांच्या शाळेतून त्याचं नाव मात्र कमी झालं नव्हतं. रोज सकाळी बैलगाडी गल्लीत यायची, त्यांच्या दारापुढे थांबायची, आणि गाडीवान पुकारायचा, "चंद्रमौली राव!" घरातून कोणी जात नसे. छपराच्या आतून एक पोर "प्रेझेंट, सर!" म्हणे आणि गाडी पुढे निघे. तो नटराज होता की आणखी कोणी, हे भागीरथीनं कधी दार उघडून पाहिलं नाही. ती मुलाला न्हाणीघरात नेई, तांब्यानं भराभर पाणी ओतत राही. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत हे चाललं.

सुब्बलक्ष्मीला तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं होतं. सुब्बलक्ष्मी दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून म्हणाली, "माझा रंगा पास झालाय, बाई. आमच्या घरात आजवर कोणी पास झालं नव्हतं. तुमच्याकडे कोर्टाचा पगार आहे." दुसऱ्या सकाळी रंगा गाडीत बसून गेला. पुढच्या वर्षी त्यानं घरी बोलणंच सोडलं. मग सुब्बलक्ष्मीनं त्याला या देवळातून त्या देवळात नेलं, कोणाच्या सांगण्यावरून मुंडण केलं, कोणाच्या सांगण्यावरून ताईत बांधला. भागीरथीच्या दाराकडे ती पुन्हा बघत नसे. काही वर्षांनी ते कुटुंब पापनाशमकडे कुठेतरी गेलं. रंगाचं पुढे काय झालं ते आत्याला कळलं नाही. तिनं विचारपूस केली होती, बरीच केली होती.

शेवटी भागीरथी स्वतः गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या वाध्यारांकडे गेली. म्हणाली, मुलगा बोलत नाही, नाव पुकारायचं नाही, आणि तो दोर काढा. वाध्यार हसले, त्यांना दात नव्हते. "अहो बाई, तो दोर पोरांसाठी कुठाय? तो आईबापांसाठी. दोर दिसला नाही तर त्यांना मी शिकवतो असं वाटत नाही." त्यांनी तिच्यासमोर शिडी लावून दोर काढवला. त्यांच्या शाळेतली दोन-तीन मुलं खरोखरच दुसरीकडे गेली. चंद्रमौली ओटीच्या कडेला, जिथून आपलं घर दिसतं तिथे, बसू लागला. वाळूत अक्षरं काढायचा. बोलला पुढच्या आषाढात, तेही शेजारच्या मुलानं त्याची अक्षरं पुसली तेव्हा. शिवी दिली. आत्या हे सांगताना अजून हसायची.

तो मोठा झाला, लोकल बोर्डाच्या कचेरीत लागला, लग्न झालं, मुलं झाली. माझ्या आठवणीतले चंद्रमौलीकाका मितभाषी, सुरेख अक्षराचे. ते पायांत कधीही वहाण न घालता घराबाहेर पडत नसत, अंगणातसुद्धा. कोणी त्याबद्दल विचारत नसे.

मास्तरांची शाळा वाढली. सरकारनं पासांवर मदत देणं पुढे बंद केलं तेव्हा तिचं काय झालं, ती कुठल्या नावानं राहिली, कोण जाणे. नटराजचा आवाज फुटल्यावर तो लहान वर्गात बसण्याजोगा राहिला नाही आणि तो तिथून गेला, एवढं आत्याच्या कानावर आलं होतं. इतक्या जणांच्या नावानं पास झालेला मुलगा, त्याच्या स्वतःच्या नावावर काही होतं की नाही, हा प्रश्न तिला शेवटपर्यंत पडत राहिला.

मी एकदा तिला विचारलं होतं, "बाकीच्या मुलांचं काय झालं, आत्या?"

"दार मीं उघडें ठेवलें होतें," ती म्हणाली. मग बराच वेळ भाजी निवडत राहिली.

माझ्या धाकट्या भावाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आत्या सत्तरीला टेकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. तरी म्हणाली, मी येतें. शाळा नवी होती, चांगली होती. मुलं दंगा करत होती, कोणीतरी रडत होतं, एका बाईंचा आवाज बसला होता. हेडमास्तरांनी आत्याला खुर्ची दिली. ती बसली नाही. काठी टेकत सरळ मागे गेली. अडगळीची खोली उघडायला लावली, पाणी ठेवायची खोली, झाडूचं कपाट. आत मोडके बाक होते आणि अंड्यावर बसलेली एक कोंबडी. आत्यानं वाकून जमीन पाहिली, पायानं चाचपली.

भावाचं नाव तिथेच घातलं. आम्ही गाडीत बसलो, गाडीवानानं बैल हाकले. वळणाशी आत्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव रे," ती म्हणाली. "मागें एकदां जाऊन येतें."